सवड आणि अवधान : ‘ऋतुचक्रा’च्या निमित्ताने

साध्यासुध्या क्षणांचा आनंद मराठी गद्यात प्रथम कोणी आणला, असा प्रश्न निघाला की बहुधा लघुनिबंधाकडे बोट दाखविले जाते. १९२६ च्या सुमारास ‘रत्नाकर’ मासिकातून ना. सी. फडके यांनी ‘गुजगोष्टी’ लिहावयास प्रारंभ केला. पुढे अनंत काणेकरांची ‘पिकली पाने’ आणि वि. स. खांडेकरांच्या ‘वायुलहरी’ आल्या, आणि पाहता पाहता हा प्रकार नियतकालिकांचा लाडका झाला. निबंधाने पगडी-अंगरखा उतरवून ठेवावा, आरामखुर्चीत बसावे आणि वाचकाशी घरगुती गोष्टी कराव्यात, ही त्यामागची प्रतिज्ञा होती. चिपळूणकरी निबंधाच्या भारदस्त परंपरेनंतर ही प्रतिज्ञा हवीहवीशी वाटली, यात नवल नाही.

तथापि या लेखनाकडे आज पुन्हा पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. लघुनिबंधाची बैठक निवांत आहे. परंतु त्याची चाल घाईची आहे. विषय म्हणून हरवलेली छत्री घ्यावी, चहाचा पेला घ्यावा, नाही तर खिडकीबाहेरचा पाऊस घ्यावा. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत छत्री दृष्टीआड झालेली असते आणि तिच्या जागी मनुष्यस्वभावाविषयीचे एखादे चटकदार विधान उभे असते. शेवटी कलाटणी येते आणि निबंध टाळी घेऊन मोकळा होतो. ज्या वस्तूपाशी थांबण्याचे वचन दिले होते, ती वस्तू विचार टांगण्याची खुंटी ठरते. काणेकरांच्या उपरोधामुळे त्यांचा निबंध पुष्कळदा या दोषातून निसटतो, कारण खुंटी ही खुंटीच आहे हे ते लपवीत नाहीत. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र असे म्हणावे लागते की त्यांना क्षण हवा होता तो त्यातून काही निष्पन्न व्हावे म्हणून; निष्पत्ती हाती आली की क्षणाची गरज सरली.

या काळातही अपवाद होते. कुसुमावती देशपांडे यांच्या ‘दीपकळी’ आणि ‘मोळी’ या संग्रहांतील काही लहानशा कथा कथेच्या सीमेवर रेंगाळतात आणि घटनेपेक्षा घटनेभोवतालच्या हवेला अधिक जागा देतात. विंदा करंदीकरांच्या ‘स्पर्शाची पालवी’ने (१९५८) लघुनिबंधाला इंद्रियसंवेदनेकडे वळविले. परंतु या साचाला पहिला खरा छेद गेला तो, स्वतःला लघुनिबंध न म्हणविणाऱ्या एका पुस्तकाने. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. आज त्याचे कौतुक एक ‘सुंदर निसर्गवर्णन’ म्हणून केले जाते, शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून त्यातील उतारे नेमले जातात, आणि या कौतुकानेच त्याचे खरे कर्तृत्व झाकले गेले आहे. निसर्गवर्णन मराठीला नवे नव्हते. मराठी गद्याला थांबता येते, आणि थांबूनही ते कंटाळवाणे होत नाही, हे दिसणे नवे होते.

ग्रंथाची रचना वरवर पाहता परंपरागत आहे. चैत्रापासून बारा महिने, प्रत्येक महिन्याला एक लेख. पण भारतीय साहित्यात ऋतू किंवा महिने ओळीने मांडण्याच्या ज्या दोन मोठ्या परंपरा आहेत, त्यांच्याशी ताडून पाहिले असता भेद स्पष्ट होतो. ‘ऋतुसंहारा’त सहा ऋतू सहा सर्गांत येतात आणि काव्य ग्रीष्मापासून निघून वसंताशी पोहोचते, ऋतू तेथे प्रणयिजनांच्या सुखदुःखाची पार्श्वभूमी असतात. उत्तरेकडील बारमाशात महिने विरहिणीच्या मनाची पायरी-पायरी बनतात. जायसीच्या ‘पद्मावता’तील नागमतीचा बारमासा आषाढापासून सुरू होतो, कारण मेघ दाटून आल्यावाचून विरहाला धार येत नाही. दोन्ही ठिकाणी निसर्ग कोणाचा तरी आहे; कोणासाठी तरी फुलतो किंवा जाळतो. ‘ऋतुचक्रा’त नायिका नाही. पाहणारी व्यक्ती आहे, पण ती सहसा वाटेत उभी राहत नाही. लघुनिबंधातील ‘मी’ हा यजमान असतो; पाहुण्याला बसवतो, हसवतो, आपली पुस्तके दाखवतो. दुर्गाबाईंचा ‘मी’ बोट दाखवून बाजूला होतो.

हे साधले कसे? पहिले उत्तर असे की दुर्गाबाईंना नावे ठाऊक आहेत. पिंपळाची पालवी, करंजाची फुले, फणस, माड, कैरीचा बाळपणीचा आकार, कावळ्याचे घरटे, हे सारे त्यांच्या लेखनात आपापल्या नावाने आणि आपापल्या वेळी येते. ‘झाडे’, ‘पक्षी’, ‘रानफुले’ अशा सामान्यनामांवर गद्य भरभर धावू शकते, कारण त्यांत अडखळण्याजोगे काही नसते. करंज म्हटले की थांबावे लागते. कोणता करंज, तो केव्हा फुलतो, फुले झाडावर अधिक की झाडाखाली अधिक, हे प्रश्न नावाबरोबर येतात. मानववंशशास्त्र आणि लोकसाहित्य यांच्या अभ्यासाने दुर्गाबाईंना ही शिस्त लागलेली होती. क्षणाचा आनंद भावुकतेतून येतो आणि ज्ञान त्याच्या आड येते, अशी एक समजूत मराठी रसिकतेत खोलवर रुजलेली आहे. ‘ऋतुचक्र’ ही समजूत पानोपानी खोटी पाडते. ज्याला पिंपळ आणि पिंपरी यांतला फरक दिसत नाही, त्याला चैत्रातला पिंपळ दोन मिनिटांपलीकडे पाहवणार नाही. पाहण्यासारखे त्याच्यापाशी काही उरणार नाही.

दुसरे उत्तर भाषेच्या घडणीत आहे, आणि त्याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. एखादी गोष्ट घडण्याच्या मधल्या अवस्थेत पकडून ठेवण्याचे सामर्थ्य मराठी क्रियापदात मोठे आहे. ‘पिंपळ लाल झाला’ हे वृत्त आहे. ‘पिंपळ लाल होऊ लागला’ म्हटले की आरंभ दिसतो. ‘लाल होत गेला’ म्हटले की दिवस मोजले जातात. ‘लाल होत होत फिकटला’ म्हटले की एका क्रियापदाच्या पोटात दुसरे क्रियापद उगवते. ही साधने प्रत्येक मराठी भाषकाच्या जिभेवर आहेत. परंतु वृत्तपत्रांच्या आणि इंग्रजी वळणाच्या गद्याने ती हळूहळू बाजूला सारली आणि ‘झाले’, ‘केले’, ‘आले’ एवढ्यावर काम भागविले. थांबणारे गद्य या सहायक क्रियापदांवर जगते. चक्र हा शब्द पुस्तकाच्या शीर्षकात आहे तो उगाच नव्हे. चक्रात ‘झाले’ असे कोठेच नसते. सर्व काही होत असते.

या पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण स्तुतीच्या गजरात ते सांगावयाचे राहून गेले आहेत. दुर्गाबाईंना महिन्यांना व्यक्तिरूप देण्याचा मोह आवरत नाही. महिना राजा होतो, सखा होतो, बहुरूपी होतो. समास जुळू लागतात. संस्कृत काव्यातली आभूषणे पेटीतून बाहेर येतात. अशा जागी वाक्याचा वेग एकदम वाढतो. ज्या लेखिकेने आताच एका पानावर वाचकाला थांबविले होते, तीच आता त्याला रूपकाच्या रथात बसवून दौडत नेते. आनंद दिसण्याऐवजी घोषित होतो. याच्या उलट, घाणेरीसारखे वाटेवरचे, कुंपणालगतचे, कोणी फुलदाणीत न ठेवणारे झुडूप जेव्हा त्यांच्या दृष्टीला पडते, तेव्हा अलंकारांना हात लावण्याचे सुचतच नाही, आणि तीच पाने अधिक टिकाऊ ठरतात. पुढे ‘पैस’मध्ये, ज्याला १९७१ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला, हा रथ पुष्कळसा मागे राहिला. नेवाशाच्या खांबापाशी उभे राहण्याची जी रीत तेथे आहे, ती ‘ऋतुचक्रा’तल्या झाडांपाशी उभे राहूनच अंगवळणी पडली असावी.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. थांबून पाहणे हे ज्यांना सवड आहे त्यांचे सुख आहे. पोटामागे धावणाऱ्याला चैत्र आणि वैशाख यांच्यात उन्हापलीकडे भेद नसतो. तेव्हा असले साहित्य हे मध्यमवर्गाच्या दुपारच्या वामकुक्षीचे साहित्य होय. लघुनिबंधावर हा आक्षेप घेतला गेला आणि तो बव्हंशी योग्यच होता. आरामखुर्ची त्याने स्वतःच मांडून ठेवली होती. अलीकडे ‘संथ जगा’ असा उपदेश करणाऱ्या पुस्तकांची जी रांग लागली आहे, तिच्यावर तर तो अधिकच लागू पडतो. तेथे क्षण हे औषध असते आणि सकाळ-संध्याकाळ एकेक मात्रा घ्यावयाची असते. मात्र ‘ऋतुचक्रा’ला आणि त्याच्या जातकुळीच्या लेखनाला हा आक्षेप लावण्यापूर्वी भारतीय साहित्यात थांबणे कोणाच्या वाट्याला आले आणि कसे आले, हे पाहणे इष्ट आहे.

दुर्गाबाईंचेच घ्यावे. मध्य भारतातील आदिवासींमध्ये संशोधन करीत असता झालेल्या विषबाधेने त्या कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांचे नियोजित संशोधन तेथेच तुटले. ‘ऋतुचक्र’ हे त्या आजाराचे सरळ फळ होय असे म्हणणे चरित्रवादी समीक्षेचा आततायीपणा ठरेल. परंतु जी व्यक्ती वर्षानुवर्षे चालू-फिरू शकली नाही, तिच्या थांबण्याला सवड म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे.

काकासाहेब कालेलकरांचे उदाहरण याहून बोलके आहे. साताऱ्यात जन्मलेला, मातृभाषा मराठी असलेला हा लेखक गुजराती गद्याचा एक शिल्पकार ठरला. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले ते सर्वश्रुत आहे. १९२० च्या दशकात साबरमतीच्या तुरुंगात असताना आलेल्या अनुभवांवर त्यांनी ‘ओतराती दिवालो’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. तुरुंगातील आत्मकथन म्हटले की देशभक्तीचे आवेश, यातनांचे तपशील, सत्तेचा धिक्कार यांची अपेक्षा होते. या पुस्तकात मुंग्या आहेत, खारी आहेत, कावळे आहेत, भिंतीवरून सरकणारे ऊन आणि भिंतीवरचे आकाश आहे. सत्तेने ज्याचा वेळ जप्त केला, त्याने तो वेळ मुंग्यांकडे पाहून परत मिळविला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मराठी लेखकाचे हे गुजराती पुस्तक मराठी ललित गद्याच्या इतिहासात सहसा उल्लेखिले जात नाही. भाषावार इतिहासलेखनाची ही एक मोठी उणीव आहे. लघुनिबंध जेव्हा पुण्या-मुंबईत आरामखुर्ची शोधीत होता, तेव्हा त्याला हवी होती ती वस्तू शेजारच्या भाषेत, एका कोठडीत, तयार होत होती.

आणि जाते? पहाटे जात्यावर बसलेल्या बाईला सवड कोठून असणार? खुंट्याला हात, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने दाणे, आणि फेऱ्याला जुळवून घेतलेली ओवी. येथे चाल संथ आहे ती दगडाच्या वजनामुळे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे काम उभे केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या चाळताना दोन गोष्टी एकाच वेळी जाणवतात. दारातली तुळस, भावाचे येणे, लेकीचे केस, पावसाची पहिली सर, असले साधे प्रसंग त्यांत अपार जिव्हाळ्याने पाहिले आहेत. आणि त्याच बायांनी दळणाच्या कष्टांविषयी, सासरच्या जाचाविषयी, बाईच्या जन्माविषयी कडू बोल लावले आहेत. आनंद आणि तक्रार एकाच जात्यातून निघते. गिरणी आली तेव्हा ओवी ओसरली, म्हणून हळहळणारे रसिक पुष्कळ. पण गिरणी आली म्हणून ज्यांच्या खांद्यांना आराम मिळाला त्या बायांना विचारल्यास त्या जात्याकडे परत जावयास राजी होणार नाहीत. बहिणाबाई चौधरींच्या कवितेलाही हाच न्याय लावावयास हवा. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी प्रसिद्ध झाली आणि खानदेशातील या निरक्षर शेतकरी स्त्रीने सुगरणीचा खोपा ज्या बारकाईने पाहिला होता त्याचे शिक्षितांना आश्चर्य वाटले. आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. घरदार आणि शेत सांभाळणाऱ्या बाईला एका पाखराचे घर बांधणे हा परका विषय नव्हता; ती आपल्याच धंद्यातल्या कारागिराकडे पाहत होती.

तेव्हा सवड हा शब्दच या चर्चेतून बाजूला ठेवावा हे बरे. आजार, कैद, दळण यांपैकी काहीही कोणी स्वखुशीने निवडलेले नाही. सक्तीच्या संथपणातून ज्यांनी अवधान कमावले, त्यांच्या लेखनात साध्या क्षणाला वजन आहे. ज्यांनी सवड आयती मिळविली, त्यांनी तिचा उपयोग बहुधा सुभाषिते रचण्यासाठी केला. हा नियम नव्हे. कारागृहात राहूनही भिंत न दिसलेले लेखक आहेत आणि आरामखुर्चीत बसून खरोखर पाहणारेही असतील. पण मराठी लघुनिबंधाची वाताहत का झाली, याचे स्पष्टीकरण ‘विषय संपले’ या नेहमीच्या उत्तरापेक्षा येथे अधिक समाधानकारक मिळते. विषय संपत नाहीत. छत्री अजून तेथेच आहे.

या दृष्टीने हिंदीतील विनोद कुमार शुक्ल यांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ (१९९७) ही कादंबरी मराठी वाचकाने ‘ऋतुचक्रा’शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे. छोट्या गावातील महाविद्यालयात गणित शिकविणारा, तुटपुंज्या पगाराचा रघुवर प्रसाद, त्याची नवविवाहित पत्नी सोनसी, एक खोली, आणि त्या खोलीच्या खिडकीपलीकडे उतरले की लागणारी पायवाट आणि तळे. कामावर जाण्यासाठी टेम्पोची वाट पाहणाऱ्या या मास्तराला एक साधू आपल्या हत्तीवर बसवून नेऊ लागतो. घटना म्हणावी तर एवढीच. शुक्लांचे वाक्य स्वतःशीच पुन्हा बोलते. आताच सांगितलेली गोष्ट किंचित वेगळ्या कोनातून परत सांगते, जणू पहिल्या वेळी नीट दिसली नव्हती. दुर्गाबाई नावांनी थांबवितात, शुक्ल पुनरुक्तीने. गरिबीचे उदात्तीकरण केल्याचा आरोप या कादंबरीवर सहज करता येईल. परंतु हत्ती वेळेवर पोहोचेल ना, ही मास्तराची काळजी पुस्तकभर जिवंत राहते. नोकरीचा काच सुटत नाही. ज्या आनंदाच्या शेजारी हजेरीपट आहे, त्याला स्वप्नरंजन म्हणणे उतावीळपणाचे होईल.

अशा लेखनाचे भाषांतर करू पाहणाऱ्याच्या वाट्याला ज्या अडचणी येतात, त्या या चर्चेत आनुषंगिक नाहीत. कोठे थांबले गेले आहे हे नेमके त्या अडचणींतच कळते. शुक्लांची पुनरुक्ती मराठीत आणताना संपादकाचा हात आपोआप ती कापावयास पुढे येतो. ‘ऋतुचक्रा’च्या बाबतीत तर अडचण महिन्याच्या नावापासूनच सुरू होते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, हिंदी प्रदेशात पौर्णिमेला. होळीचा दुसरा दिवस मराठी घरात फाल्गुन वद्य प्रतिपदा असतो आणि काशीला चैत्र कृष्ण प्रतिपदा. म्हणजे दुर्गाबाईंच्या चैत्राला जेथे आरंभही झालेला नसतो, तेथे हिंदी वाचकाचा चैत्र अर्धा उलटून गेलेला असतो. बंगालीत चैत्र हा वर्षाचा शेवटचा महिना, सूर्यावर मोजलेला. त्यात आरंभाचे नव्हे, निरोपाचे सूर आहेत. तमिळ चित्तिरै एप्रिलच्या मध्याला लागतो, आणि तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येत असल्यामुळे श्रावण या शब्दाने तेथील वाचकाच्या मनात सरी कोसळणार नाहीत. चांद्र महिना स्वतःही स्थिर नाही. अधिक मासाच्या हिशेबाने गुढीपाडवा मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोठेही पडतो. झाडे मात्र तिथी पाहून पालवत नाहीत. एका वर्षी चैत्रात फुललेला करंज दुसऱ्या वर्षी, पंचांगाच्या लेखी, वैशाखात फुलतो. मराठी वाचकाला हे खटकत नाही, कारण ‘ऋतुचक्रा’तला चैत्र पंचांगापेक्षा स्मृतीतला अधिक आहे. परभाषिक वाचकापुढे ती स्मृती ठेवावी कशी? तळटीप दिली की गद्य धावू लागते. इंग्रजी महिना घातला की चक्राची सरळ रेघ होते.

घाणेरीचे तर याहून कठीण. मराठी नावातच दुर्गंध आहे, त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात विटाळ आधी येतो आणि फूल नंतर. त्या दोहोंतल्या अंतरात ते लहानसे, अनेकरंगी फूल प्रथमच पाहिल्यासारखे दिसते. हिंदी भाषकांत त्याच झुडपाला ‘रायमुनिया’ असे लडिवाळ नाव आहे. इंग्रजीत ते लँटाना होते, आणि वनस्पतींची माहिती असलेल्या आजच्या वाचकाला त्याबरोबर अमेरिका खंडातून आलेली, भारतातील जंगलांचा कितीतरी भाग व्यापून बसलेली आगंतुक वनस्पती आठवते. एकाच झुडपापाशी मराठी वाचक संकोचून थांबेल, हिंदी वाचक हसून पुढे जाईल आणि इंग्रजी वाचक कुऱ्हाड शोधील. भाषांतरकाराने मूळ नाव तसेच ठेवून अर्थ पुढच्या वाक्यात येऊ द्यावा, हा त्यातल्या त्यात बरा उपाय दिसतो; त्याने वाचकाला एका वाक्यापुरते तरी अडवून धरता येते.